कात अडते तेव्हा

शेताच्या बांधावर अथवा जुन्या घराच्या कौलांखाली सापाची कात पाहिली नाही असा खेड्यात वाढलेला मनुष्य विरळा. परंतु पालीची कात पाहिलेला माणूस शोधू गेल्यास सहसा मिळणार नाही, आणि याचे कारण पाल कात टाकीत नाही हे नसून, टाकलेली कात ती बहुधा जागच्या जागी खाऊन टाकते हे आहे. त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर वर्षानुवर्षे वावरणाऱ्या या जीवाच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा क्रम आपल्या नजरेतून निसटतो. ज्यांनी हौसेने पाल पाळली आहे त्यांना मात्र तो नजरेआड करून चालत नाही, कारण बंदिवासातील पालीची कात पुष्कळदा अडते, अर्धीमुर्धी अंगावर राहते, आणि तिकडे वेळीच लक्ष न गेल्यास त्या मुक्या प्राण्याला बोटे, शेपटीचे टोक, प्रसंगी दृष्टीही गमवावी लागते.

पाल पाळणे ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला विलक्षण वाटेल. परंतु अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या देशांत ही हौस आता चांगली रुळली आहे, आणि नोकरीधंद्यानिमित्त तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही, कुत्र्यामांजराला जागा नाही म्हणून किंवा मुलांच्या हट्टाखातर, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची पेटी येते आणि तीत ‘लेपर्ड गेको’ या नावाने ओळखली जाणारी, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली एक शांत पाल नांदू लागते. अशा घरांतून ऐकू येणारी नित्याची तक्रार म्हणजे पालीच्या बोटांना जुनी कात चिकटून राहिली आहे, ती काढावी कशी, ही होय. कात सोडवण्याची रीत अवघड नाही, ती पुढे सांगितलीच आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते की अडलेली कात ही बहुतेक वेळा त्वचेपेक्षा त्या प्राण्याच्या घराविषयीची तक्रार असते, आणि घरातील उणीव दूर केल्याखेरीज केवळ कात सोलून काढणाऱ्यावर तोच प्रसंग पुढच्या खेपेस पुन्हा ओढवल्यावाचून राहत नाही.

लेपर्ड गेको हा मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत या भागांतील कोरड्या, खडकाळ टापूचा रहिवासी. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा कारभार पाहणारे एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पूर्ण वाढलेला प्राणी वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब भरतो. त्याच्या जाड शेपटीत चरबीचा साठा असतो. आपल्या घरातील पालीला नसलेल्या हलत्या पापण्या त्याला असतात, आणि भिंतीवर चढण्यास उपयोगी पडणारे चिकट तळवे मात्र नसतात. नीट निगा राखल्यास तो पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. म्हणजे लहान मुलाच्या हट्टासाठी आणलेला हा प्राणी ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार, एवढे ध्यानात ठेवूनच त्याची जबाबदारी पत्करली पाहिजे.

मनुष्याच्या त्वचेवरील मृत पेशी रोज नकळत झडत असतात. पालीच्या कुळात मात्र ही उलाढाल ठरावीक मुदतीने आणि एकदम होते. जुन्या बाह्यत्वचेच्या खाली, तिला यत्किंचितही धक्का न लावता, नव्या बाह्यत्वचेची संपूर्ण पिढी थराथराने तयार होत असते. त्यामुळे काही दिवस त्या प्राण्याच्या अंगावर दोन त्वचा एकीवर एक नांदतात. आणि नवी त्वचा पुरती पक्व झाली की दोहोंच्या मध्ये शरीरद्रव उतरतो, विकरांच्या क्रियेने त्यांचा सांधा सैल होतो, आणि जुनी त्वचा सुटी होते. वाढत्या वयाच्या पिल्लांत हा क्रम आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, प्रौढांत साधारणपणे चार ते आठ आठवड्यांनी. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की दोन त्वचांना वेगळे करणारा तो द्रव प्राण्याच्या शरीरातूनच यावयाचा असतो. जे शरीर पाण्याला पारखे झाले आहे ते हे काम पुरे करू शकत नाही, आणि बाहेरची हवा शुष्क असली तर सुटू लागलेली कात सुटण्यापूर्वीच वाळून आवळून बसते.

सर्व काही यथास्थित असले म्हणजे हा सोहळा पाहण्यासारखा असतो. दोन-तीन दिवस आधीपासून अंगाचा पिवळा रंग मावळत जाऊन त्यावर राखी-पांढुरकी छटा येते. प्राणी खाणे कमी करतो आणि आडोसा सोडीत नाही. मग एखाद्या रात्री तो दगडाच्या कडेवर नाकपुड्या घासू लागतो. ओठांच्या कडेशी कात फाटते. तिचे टोक तो तोंडात धरतो, मान वळवून ओढतो, आणि डोक्यावरची, मग पाठीवरची कात मागे मागे सरकत जाते. पायापाशी आल्यावर तो सबंध पंजा तोंडात घेतो आणि हातमोजा काढावा तशी पाचही बोटांची कात एका हिसक्यात उतरवतो. जे निघते ते गिळतो. तास-दीड तासात सर्व आटोपते, आणि नव्या त्वचेवरचे ठिपके पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट दिसू लागतात.

आता कोणी विचारील की जो प्राणी मुळात रुक्ष प्रदेशातला, त्याला ओलाव्याची एवढी गरज कशासाठी? या प्रश्नात दडलेला गैरसमजच अडलेल्या कातीच्या बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी असतो. माळरान रुक्ष असते ते वरून. दगडांच्या सांदीत, उंदरांच्या सोडलेल्या बिळांत, जमिनीखाली हात-दीड हातावर हवा थंड असते आणि तिच्यात ओल टिकून राहते. दिवसाचा सारा काळ हा प्राणी तेथेच काढतो व सूर्य मावळल्यावर बाहेर पडतो. पाळणारा त्याच्यासाठी वाळवंट तयार करतो, उष्णता देतो, कोरडी जमीन देतो, परंतु बीळ द्यावयाचे विसरतो. त्यात थंड देशांतील हिवाळ्याची भर पडते: बाहेरची गारठलेली हवा आत घेऊन घर तापवले की त्या हवेची सापेक्ष आर्द्रता फार खाली येते, माणसांचे ओठ जेथे फुटतात तेथे पेटीतल्या पालीची कात अडली तर त्यात नवल नाही.

कात अडते ती बहुधा ठरावीक जागी: पायांच्या बोटांवर, शेपटीच्या टोकाला, पापण्यांच्या कडांना, कानाच्या भोकाशी, आणि गुदद्वाराच्या आसपास. यांपैकी बोटांचा प्रकार अत्यंत नित्याचा आणि फसवा आहे. बोटाच्या पेरावर राहिलेले कातीचे कडे आरंभी पातळ, जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे नजरेस येत नाही. ते वाळून आवळते. पुढच्या खेपेस त्यावर दुसरा थर बसतो. रक्ताचा प्रवाह कमी होत जातो. बोटाचे टोक सुजते, लालसर होते, मग काळे पडते आणि अखेर गळून जाते. हा सारा काळ प्राणी ओरडत नाही, लंगडत असला तरी फारसे दाखवीत नाही. यास्तव कात टाकून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगाखाली वीसही बोटे, शेपटीचे टोक आणि दोन्ही डोळे तपासणे हा पाळणाऱ्याचा नेम असला पाहिजे.

इलाजाची सुरुवात घरापासून करावी. झाकणाचा एक लहान डबा घेऊन त्याच्या बाजूला प्राणी सहज आत-बाहेर करील एवढे भोक पाडावे व त्याची कड घासून गुळगुळीत करावी; आत स्फॅग्नम जातीचे शेवाळ, ते न मिळाल्यास साधा कागदी रुमाल, पाण्याने भिजवून व पिळून अंथरावा; आणि हा डबा पेटीच्या उबदार बाजूकडे ठेवावा. हेच त्याचे बीळ. बाकी पेटीतली हवा तीस-चाळीस टक्के आर्द्रतेची असली तरी या डब्यात ती सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत राहते, आणि कोठे किती वेळ बसावयाचे हे प्राणी आपल्या गरजेप्रमाणे ठरवतो. शेवाळ ओलसर हवे, चिखलासारखे भिजलेले नको. ते वरचेवर बदलावे, अन्यथा बुरशी धरते. सबंध पेटीच ओली ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. कोंदट ओल्या जमिनीवर राहणाऱ्या या प्राण्याच्या त्वचेला निराळेच रोग होतात. उबदार कोपरा एकतीस ते तेहतीस अंश सेल्सिअस आणि थंड कोपरा पंचवीसच्या आसपास ठेवावा. उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट जोडलेला असावा. आणि अंदाजावर न विसंबता तापमापक व आर्द्रतामापक दोन्ही पेटीत ठेवावे. पिण्याच्या पाण्याची उथळ वाटी नित्य भरलेली असावी, आणि नाक घासण्यासाठी एखादा खरबरीत दगड वा लाकडाचा तुकडा असावा. गुळगुळीत काच आणि प्लास्टिक यांखेरीज ज्या घरात काही नाही तेथे कात फाडण्याची सुरुवातच प्राण्याला करता येत नाही.

प्रत्यक्ष अडलेली कात सोडवावयाची झाली तर घाई हा पहिला शत्रू समजावा. हवेसाठी भोके पाडलेल्या डब्यात कोमट पाणी घ्यावे. ते मनगटावर धरले असता ऊन लागू नये, गारही वाटू नये, म्हणजे तीस अंशांच्या आसपास असावे, आणि प्राण्याच्या पोटापर्यंतच पोचावे. तळाशी एक फडके अंथरले म्हणजे पाय घसरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटे प्राण्याला तेथे राहू द्यावे, आणि या वेळात त्याच्याजवळून हलू नये. नंतर त्याला ओलसर फडक्यात सैल धरून, कापसाचे बोळे लावलेली काडी पाण्यात भिजवून, बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलक्या हाताने फिरवावी. कात मऊ झाली असेल तर तिची कड उचलली जाते, सुरकुती पडते, आणि ती पांढऱ्या धाग्यासारखी सुटून येते. सुटली नाही तर थांबावे. प्राण्याला ओलसर डब्यात सोडावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. दोन-तीन दिवस असे करूनही कडे सुटले नाही, अथवा बोट सुजलेले वा काळवंडलेले दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जाण्यात हयगय करू नये.

काय करू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कोरडी कात चिमट्याने ओढू नये. तिच्याबरोबर खालची कोवळी त्वचाही निघून येते आणि जखमेतून जंतूंना वाट मिळते. चिकटपट्टी लावून कात उपटण्याचा प्रकार तर केवळ क्रूर होय. मराठी घरात हाताशी असणारे खोबरेल तेल लावण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु तेल हे पाण्याची जागा घेऊ शकत नाही. त्यावर धूळमाती चिकटते, आणि नाकपुडीत गेल्यास श्वासाला अडथळा होतो. शेपटीला धरून उचलणे हेही वर्ज्यच, कारण घाबरलेला प्राणी शेपूट टाकून देतो आणि तिच्याबरोबर चरबीचा सारा साठा गमावतो.

डोळ्यांचे प्रकरण मात्र घरी हाताळण्याचे नव्हे. लेपर्ड गेकोच्या पापणीखाली कातीचा तुकडा अडकून राहिला तर तेथे स्राव साठून घट्ट गोळा होतो, प्राणी डोळा मिटून बसतो, भक्ष्य दिसत नसल्यामुळे त्याचे खाणे थांबते, आणि उपासमारीने शरीर खंगल्यावर पुढची कातही नीट सुटत नाही. असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही. पशुवैद्य निर्जंतुक क्षारद्रावणाने डोळा धुऊन तो तुकडा काढतात. पाळणाऱ्याने काडी वा चिमटा घेऊन डोळ्यापाशी जाऊ नये, एवढेच पथ्य त्याने पाळावे.

डोळ्यांचा हा विकार पुष्कळदा आहारापर्यंत मागे नेऊन पोचवतो. रातकिडे आणि पिठातल्या अळ्या हे या प्राण्याचे बंदिवासातील नित्याचे अन्न. परंतु या कीटकांत कॅल्शियम थोडे असते, आणि अ जीवनसत्त्वही अल्पच. या जीवनसत्त्वाच्या अभावी डोळ्यांच्या व तोंडाच्या आतील नाजूक अस्तर जाड, कोरडे बनते, ग्रंथींचा स्राव आटतो, आणि कात वारंवार अडू लागते. म्हणून प्राण्याला देण्यापूर्वी त्या कीटकांनाच दिवसभर गाजर, पालेभाजी असे पौष्टिक अन्न खाऊ घालावे, आणि त्यांवर कॅल्शियमची व जीवनसत्त्वांची पूड ठरल्या प्रमाणात भुरभुरावी. ‘ठरल्या प्रमाणात’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहितो. अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहते, आणि त्याचा अतिरेक झाल्यास त्वचेलाच अपाय होतो.

घर सुधारले, आहार सुधारला, तरीही लागोपाठ दोन-तीन खेपांस कात अडत असेल, तर ती आतल्या आजाराची खूण मानावी. डोळ्यांच्या कडांना वा काखेत लाल-काळे ठिपके हलताना दिसले तर ते गोचिडीच्या जातीचे परजीवी असू शकतात. शेपटी बारीक होत जात असेल, वजन घटत असेल, विष्ठा पातळ असेल, तर आतड्यांतील परजीवींची शंका घेऊन विष्ठेची तपासणी करून घ्यावी. आजारी शरीराच्या दृष्टीने नवी त्वचा तयार करणे हा मोठा खर्च असतो, आणि तो भागेनासा झाल्याचे कातीवरून फार लवकर कळते.

सर्व गेकोंना एकच नियम लागू होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरचा क्रेस्टेड गेको, ज्याचे वर्णन १८६६ साली झाले आणि जो नामशेष झाला असे समजले जात असता १९९४ साली पुन्हा आढळला, तोही आज अनेक घरांत पाळला जातो. तो दमट अरण्यातला, झाडावर राहणारा. त्याला अठ्ठावीस अंशांवरची उष्णता सोसत नाही, आणि त्याच्या पेटीत रात्री पाण्याचा फवारा मारून आर्द्रता ऐंशी टक्क्यांपर्यंत नेऊन दिवसा ती उतरू द्यावी लागते. त्याच्या बोटांखाली अतिसूक्ष्म रोमांच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या बळावर तो काचेवर चढतो. हे रोम बाह्यत्वचेचाच भाग असल्यामुळे प्रत्येक कातीबरोबर जुने जातात आणि नवे उघडे होतात. जुनी कात तळव्याला चिकटून राहिली तर नवे रोम काचेला टेकतच नाहीत. म्हणून एरवी सराईतपणे चढणारा प्राणी काचेवरून घसरू लागला तर आधी त्याचे तळवे पाहावे. त्याला हलत्या पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते तो जिभेने चाटून स्वच्छ ठेवतो. त्या आवरणाला तर कोणीही हात लावू नये.

या सर्व खटाटोपात एका साध्या सवयीचा फार उपयोग होतो, ती म्हणजे नोंदवही. कात कोणत्या तारखेला टाकली, सगळी सुटली की कोठे राहिली, त्या आठवड्यात आर्द्रता किती होती, वजन किती भरले, एवढा तपशील एका ओळीत मावतो. परंतु सहा महिन्यांच्या अशा ओळी पशुवैद्यापुढे ठेवल्या तर त्याला निदानासाठी मोठा आधार मिळतो, आणि घरातल्या मुलांना निरीक्षण म्हणजे काय याचे जे शिक्षण मिळते ते निराळेच.

आपल्या महाराष्ट्राचाही या प्राण्याशी सख्खा संबंध आहे. लेपर्ड गेकोच्या वंशातील एक जाती येथील माळरानांवर व डोंगरउतारांवर राहते, आणि सातपुड्याच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी जाती तर २०१४ साली शास्त्राला ज्ञात झाली. या पालींना विष नसते. तरीही त्या विषारी आहेत या समजुतीने त्यांना दिसताक्षणी मारले जाते. हा लेख वाचून कोणाला त्या धरून काचेच्या पेटीत ठेवाव्याशा वाटल्या तर त्याने तो विचार तेथेच सोडावा. वन्यप्राण्यांना धरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण त्याहूनही मोठी गोष्ट ही की ज्यांच्या बिळांत ओल, ऊब आणि आडोसा यांची तजवीज निसर्गाने स्वतः करून ठेवली आहे, त्यांना आपल्या बंदोबस्ताची गरज नाही. त्यांना फक्त मारू नये.

परदेशात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेला गेको रीतसर घेतला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्या प्राण्याला सोडून देण्यासाठी कोणतेही माळरान उरलेले नाही. आपण देऊ तेवढीच ऊब, आपण ठेवू तेवढीच ओल, आणि आपण घालू तेच अन्न, एवढ्यावर त्याचे सारे आयुष्य चालते. कोपरा बदलणे, दुसरे बीळ शोधणे, पावसाळ्याची वाट पाहणे, ही मुभा आपण त्याच्याकडून काढून घेतली आहे, आणि म्हणून तिच्या बदल्यात रोजची पाच मिनिटे देणे हे त्याच्यावरचे उपकार नसून आपल्याकडून असलेले त्याचे येणे आहे. ज्या घरात ही पाच मिनिटे पंधरा वर्षे निघतील अशी खात्री नाही, त्या घराने मुलाचा हट्ट पुरवण्यासाठी दुसरे काही निवडावे.